अंगठ्याचा हिशेब

१९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक तक्ता जोडलेला होता. कारखान्यात अपघात होऊन कोणता अवयव गेला, तर माणसाची कमाईची क्षमता किती टक्के गेली असे धरायचे, याचा तो हिशेब. वेळोवेळी दुरुस्त्या होऊन स्थिरावलेल्या या तक्त्यात आख्खा अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी गेली तर १४ टक्के. एका हाताची तीन बोटे गेली तरी ३० टक्केच. कायद्याच्या लेखी एक अंगठा तीन बोटांच्या तोलाचा. ही समज नवी नाही. इंग्लंडमधल्या केंटचा राजा एथेलबर्ट याने सातव्या शतकाच्या आरंभी केलेल्या कायद्यात दुसऱ्याचा अंगठा तोडणाऱ्याला २० शिलिंग दंड होता आणि मधले बोट तोडणाऱ्याला फक्त ४. मात्र दोन्हीकडे अंगठ्याची किंमत ठरते ती तो तुटल्यावर. जागेवर असलेला, पण दुखतो म्हणून कामाला येत नसलेला अंगठा दोन्ही तक्त्यांत बसत नाही. आणि पन्नाशी ओलांडलेल्या कितीतरी बायकांचा अंगठा नेमका असाच असतो. त्याची किंमत करण्याचे काम विसाव्या शतकात एका नव्या पेशाकडे आले. तो व्यवसायोपचार, रुग्णालयाच्या बोलीत ऑक्युपेशनल थेरपी. या पेशाने अंगठा कसकसा मोजला ते पाहत गेले की दिसते, त्याच्या प्रत्येक मोजपट्टीवर कोणाच्या तरी कामाचा ठसा आहे: सैनिकाच्या, कारखान्यातल्या कामगाराच्या, अमेरिकी गृहिणीच्या. आपल्याकडच्या कामाचा ठसा या मोजपट्ट्यांवर पुरेसा उमटलेला नाही, आणि ही उणीव किरकोळ नाही, असे माझे म्हणणे आहे.

आधी सांध्याविषयी. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाला लागून, ट्रॅपेझियम नावाचे लहानसे हाड आहे. त्याच्यावर अंगठ्याचे पहिले लांब हाड घोड्याच्या पाठीवरच्या खोगिरासारखे बसते. या रचनेमुळे अंगठा पुढे-मागे, आत-बाहेर फिरतो आणि प्रत्येक बोटाच्या टोकाला जाऊन भिडतो. या मोकळेपणाची किंमतही तोच सांधा मोजतो. कूनी आणि चाओ या अभ्यासकांनी १९७७ साली गणित मांडून दाखवले, की अंगठा आणि बोट यांच्या टोकांत एक किलो जोर लावला तर मुळाच्या सांध्यावर सुमारे बारा किलोचा दाब येतो. घट्ट मूठ आवळली तर तो १२० किलोपर्यंत जाऊ शकतो. झीज इथे लवकर होते यात नवल ते काय! पण झीज आणि तक्रार एकमेकींच्या हातात हात घालून चालत नाहीत. इंग्लंडमध्ये १९९४ साली आर्मस्ट्राँग, हंटर आणि डेव्हिस यांनी रजोनिवृत्तीनंतरच्या १४३ स्त्रियांचे एक्स-रे पाहिले. चौघींपैकी एकीच्या फक्त याच सांध्यात झीज होती. पण झीज असलेल्यांपैकी अंगठ्याच्या मुळाशी दुखते असे म्हणणाऱ्या सुमारे २८ टक्केच निघाल्या. शल्यविशारद आजही झिजेचे चार टप्पे मोजतात, ते ईटन आणि लिटलर यांच्या १९७३च्या मांडणीवरून. शस्त्रक्रिया कोणती करायची हे ठरवायला ते टप्पे उपयोगी आहेत. पण दुसऱ्या टप्प्यातली बाई रडकुंडीला येते आणि चौथ्या टप्प्यातली बाई बिनतक्रार कपडे पिळते, हे कसे, याचे उत्तर फिल्मवर सापडत नाही. ते हात कामाला लावूनच शोधावे लागते, आणि म्हणून मोजणाऱ्या पेशाचा इतिहास महत्त्वाचा.

तो इतिहास मार्च १९१७मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी सुरू झाला असे मानतात. जॉर्ज बार्टन या वास्तुविशारदाच्या घरी सहा जण जमले आणि त्यांनी या उपचाराचा प्रसार करणारी राष्ट्रीय संस्था स्थापन केली. बार्टन स्वतः क्षयाने गांजलेला होता, त्याच्या पायावर शस्त्रक्रिया झाली होती आणि शरीराची डावी बाजू लुळी पडली होती. सुतारकाम आणि बागकाम करता करता तो सावरला होता. मूळ कल्पना हीच, की काम हेच औषध. औषध म्हटले की मात्रा आली आणि मात्रा म्हटली की माप आले. ते माप महिन्याभरातच अमेरिका ज्या महायुद्धात उतरली त्या युद्धाने आणले. टोरांटो विद्यापीठाच्या हार्ट हाउसमध्ये बॉट नावाचे मानसशास्त्रज्ञ जखमी सैनिकांचे स्नायू पुन्हा कामाला लावत होते. सैनिकाला आपली प्रगती आपल्याच डोळ्यांनी दिसावी म्हणून हालचाल मोजणारी उपकरणे त्यांनी तिथे वापरली. वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात बर्ड बाल्डविन यांनी तेच काम पद्धतशीर केले. सांध्यांची हालचाल आणि जोर मोजण्याची साधने त्यांनी तयार केली, कोणत्या हस्तव्यवसायात कोणता सांधा किती वळतो याचे पृथक्करण केले आणि १९१९ साली ते छापून काढले. आखडलेल्या सांध्याला हवी असलेली हालचाल ज्या कामात आहे ते काम द्यायचे, पुन्हा मोजायचे, मग काम बदलायचे. आजच्या मूल्यमापनाचा सांगाडा हाच आहे. बाल्डविन यांच्या पद्धतीत आकडा आणि काम एकमेकांपासून सुटे नव्हते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सुतारकामाच्या बाकावर किती वेळ घालवायचा हे आकडा सांगत होता, आणि आकडा कशासाठी वाढवायचा हे बाक सांगत होता.

पुढच्या काही दशकांत ही जोडी फुटली. आकड्याला नवे गिऱ्हाईक मिळाले: विमा कंपन्या, भरपाईची न्यायालये, कारखान्यांचे भरती विभाग. अर्ल मॅकब्राइड यांचा अपंगत्व मोजण्यावरचा ग्रंथ १९३६ साली आला आणि दुखापतीला टक्का लावणे ही स्वतंत्र विद्या झाली. हाताची चपळाई तपासायला आजही रुग्णालयांत वापरली जाणारी पर्ड्यू विद्यापीठाची खुंट्यांची फळी १९४८ साली तयार झाली, ती कारखान्यात जुळणीच्या कामावर माणसे निवडण्यासाठी. १९५४ साली बेक्टल यांनी मुठीचे अंतर पाच ठिकाणी बदलता येणाऱ्या पकडमापकाचे वर्णन केले. ‘जमार’ नावाने तो जगभर गेला. १९८५ साली व्हर्जिल मॅथिओवेट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराभोवतालच्या सात काउंट्यांतले ३१० पुरुष आणि ३२८ स्त्रिया तपासून वयवार सरासऱ्या छापल्या: मुठीची ताकद, टोकाची चिमट, किल्ली फिरवताना असते ती बाजूची चिमट आणि तीन बोटांची चिमट. काम चोख होते, पद्धत आदर्श होती. पण ६३८ मिलवॉकीकर जगाच्या हाताचे मानदंड होऊन बसले, यात त्यांचा काही दोष नसला तरी गंमत आहे. अंगठ्याच्या संधिवातात, म्हणजे या झिजेच्या आजारात, तर या चाचणीला एक आतली अडचण आहे. पूर्ण जोर लावून चिमट दाबा, तीनदा दाबा, सरासरी काढू, असे सांगायचे. आणि कूनी-चाओ यांचे गणित खरे असेल तर पाच किलोच्या चिमटीला सांध्यावर साठ किलोचा दाब येणार. मग बाई दुखेल म्हणून हात आखडता घेते. यंत्रावर दिसतो तो आकडा तिच्या ताकदीचा की तिच्या सावधपणाचा, हे यंत्राला सांगता येत नाही.

याच काळात दुसरा प्रवाह शांतपणे वाहत होता, आणि तो बराचसा बायकांनी पुढे नेला. १९४५ साली जॉर्ज डीव्हर आणि मेरी एलिनर ब्राउन यांनी रोजच्या जगण्यात शरीराला काय काय करावे लागते याची यादी केली. अंघोळ, कपडे, जेवण, चालणे या गोष्टी तपासणीच्या कागदावर आल्या. १९५५ साली न्यूयॉर्कच्या हॉवर्ड रस्क यांच्या पुनर्वसन केंद्रातून अपंग गृहिणीच्या प्रशिक्षणाची पुस्तिका निघाली. बाईचे घरकाम हे मोजण्यासारखे काम आहे हे मान्य व्हायला सैनिकाच्या बाकानंतर पस्तीसेक वर्षे जावी लागली. १९६५ साली जॉय कॉर्डरी यांनी सांधा जपणे ही व्यवसायोपचारकाची जबाबदारी आहे असे लिहिले. जाड मूठ, दोन्ही हातांचा वापर, जोर अंगठ्यावरून तळहातावर आणि मोठ्या सांध्यांवर नेणे ही आज सर्रास दिली जाणारी शिकवण त्या वळणाची. १९६९ साली जेब्सन आणि सहकाऱ्यांनी सात कामांची चाचणी घड्याळ लावून बांधली. वाक्य लिहायचे, पत्ते उलटायचे, नाणी आणि कागदाच्या क्लिपा उचलायच्या, राजम्याचे पाच दाणे चमच्याने डब्यात टाकायचे, सोंगट्या रचायच्या, रिकामे डबे हलवायचे आणि शेवटी भरलेले डबे, प्रत्येकी एक पौंडाचे, म्हणजे अर्धा किलोही नाही. १९९६ साली आलेल्या ‘डॅश’ या प्रश्नावलीत तीस प्रश्न. घट्ट बरणी उघडता येते का, किल्ली फिरवता येते का, इथपासून बॅडमिंटन, गोल्फपर्यंत. १९९१च्या सुमारास कॅनडातल्या व्यवसायोपचारकांनी मात्र यादीच बाजूला ठेवली. कोणती कामे अडतात ती रुग्णाने सांगायची, त्यांतली महत्त्वाची पाच निवडायची, आणि ती किती जमतात व त्यावर आपण किती समाधानी आहोत याला एक ते दहा गुण त्यानेच द्यायचे. काम हेच औषध, ही बार्टनच्या घरातली कल्पना ७४ वर्षांनी अशी पुन्हा मांडली गेली.

मुंबईत हा पेशा आला तेव्हा दोन्ही प्रवाह बरोबर आले. कमला निंबकर या मूळच्या अमेरिकी, क्वेकर पंथाच्या, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. लग्न करून १९३०मध्ये त्या भारतात आल्या, पुढे अमेरिकेत जाऊन फिलाडेल्फियाच्या व्यवसायोपचार विद्यालयात शिकल्या आणि १९५० साली त्यांनी परळच्या के. ई. एम. रुग्णालयात भारतातली पहिली व्यवसायोपचार शाळा सुरू केली. १९५२ साली अखिल भारतीय संघटना झाली, आणि त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन करणाऱ्या दहा देशांत भारत होता. १९५८ साली नागपूरला दुसरी शाळा निघाली. निंबकर जिथे शिकल्या त्या विद्यालयाच्या हेलन विलर्ड आणि क्लेअर स्पॅकमन यांनी संपादित केलेले पाठ्यपुस्तक १९४७मध्ये निघाले होते. या पेशाचे ते मूळ पुस्तकच झाले. सुरुवातीला समोर होते ते पोलिओ झालेले मूल आणि गिरणीत जायबंदी झालेला हात. वेल्लोरला पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांच्या लुळ्या अंगठ्याला दुसऱ्या स्नायूचा कंडरा जोडून तो पुन्हा बोटांसमोर आणत होते. या सगळ्यांपुढे साठीतल्या बाईचा दुखरा अंगठा ही चैनच वाटली असणार. तिला मलम आणि ‘वय झाले’ एवढे उत्तर पुरत असे. अनेक ठिकाणी अजूनही पुरते.

पण ही बाई करते काय, ते पाहा. पाचवारीच्या निऱ्या घालताना अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली जागा पूर्ण ताणावी लागते, आणि या आजारात अंगठ्याचे मूळ आत ओढले जाऊन हीच जागा आधी आकसते. उकळत्या दुधाचे पातेले सांडशीने उतरवताना सगळा भार अंगठ्याच्या बाजूच्या दाबावर असतो. जेब्सनच्या भरल्या डब्यापेक्षा तो कितीतरी अधिक, आणि डबा निसटला तर घड्याळ थांबते, पातेले निसटले तर अंग भाजते. मटार सोलताना अंगठ्याचे टोक शेंगेच्या शिवणीतून सरकत जाते, एकदा नव्हे, किलोभर शेंगा संपेपर्यंत. मोदकाच्या कळ्या तर अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीनेच पडतात. कणीक मळणे, खवणीवर नारळ धरणे, चकलीचा सोऱ्या फिरवणे, चादर पिळणे, प्रेशर कुकरचे झाकण बसवणे, कापसाच्या बोंडातून कापूस ओढणे, सोलापुरात विडी वळणे: यांपैकी एकही काम त्या गाजलेल्या चाचण्यांत नाही. जेवणाचेच घ्या. राजम्याचे दाणे चमच्याने उचलण्यावरून जेवता येते की नाही हे ठरते, पण वरणभाताचा घास बोटांवर घेऊन अंगठ्याने तोंडात लोटणे ही वेगळी हालचाल आहे आणि ती कोणी मोजत नाही. उलट, भाकरी थापणे किंवा पोळी लाटणे ही कामे दिसायला जड, पण त्यांत जोर बराचसा तळहाताचा. अंगठा दुखणारी बाई ती निभावून नेते आणि लसूण सोलताना हरते. घरातल्यांना मग वाटते, भाकऱ्या करते म्हणजे हात धड आहे. कामाचे पृथक्करण बाल्डविन यांनी सुतारकामाचे केले, ते इतक्याच बारकाईने आपल्या ओट्याचे करायला हवे.

यावर पहिला आक्षेप शास्त्रीय आहे आणि तो हलका नाही. प्रत्येक प्रांताने आपली चाचणी काढली, कुणी मोदक मोजला, कुणी इडली, तर निष्कर्षांची तुलना कशी करायची? ठरावीक चाचणीचा सगळा फायदा तिच्या ठरावीकपणात आहे. हे खरे आहे. पण तुलना दोन प्रकारची असते. शंभर रुग्णालयांतल्या रुग्णांची एकमेकांशी तुलना करायची तर पकडमापक आणि चिमटमापक हवेच, आणि त्यासाठी भारतीय वयोगटांच्या, शेतकरी आणि कारकून अशा दोघांच्या सरासऱ्या हव्यात. एका बाईची तिच्याच गेल्या महिन्याशी तुलना करायची असेल तर मिलवॉकीची सरासरी काय उपयोगाची? तिथे तिने निवडलेली पाच कामे आणि तिचे स्वतःचे गुण हेच योग्य माप. कॅनडाच्या पद्धतीचा मुद्दाच हा, की प्रश्न सगळीकडे एक, उत्तरे ज्याची त्याची. म्हणजे ठरावीकपणाही राहतो. दुसरा आक्षेप येतो तो रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवण्याबद्दल. भरपाई मिळवायची असलेला माणूस वाढवून सांगेल, ही भीती टक्केवारीच्या विद्येने आपल्याला शिकवली. अंगठ्याच्या संधिवातात बहुतेकदा भरपाई नसतेच, आणि धोका उलट बाजूने असतो. ‘तुम्हाला काय अडते’ असे विचारले तर अनेकजणी ‘काही नाही, होते सगळे’ म्हणतात, कारण आपण करतो ते काम आहे असे त्यांना कोणी कधी सांगितलेले नसते. म्हणून नुसता मोकळा प्रश्न आपल्याकडे पुरत नाही. व्यवसायोपचारकाच्या हातात इथल्या कामांची यादी हवी आणि कोपऱ्यात सांडशी, कुकर, पाच वार कापड हवे. करून दाखवायला सांगितले की उत्तर बदलते.

तिसरा आक्षेप सर्वांत टोकदार. एवढे मोजून शेवटी देणार काय, तर अंगठ्याला पट्टा. आणि पट्ट्याचा उपयोगच सिद्ध होत नाही. ब्रिटनमध्ये ३४९ रुग्णांवर केलेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तीन गट केले होते. सगळ्यांना स्वतःची काळजी घेण्याचे मार्गदर्शन, एका गटाला त्याशिवाय खरा पट्टा, एकाला दिखाऊ पट्टा. आठ आठवड्यांनी वेदनेत तिन्ही गटांत फरक दिसला नाही. हा निकाल मूल्यमापनाच्या विरोधात दाखवला जातो, पण तो नीट वाचला तर मापाच्या बाजूचा आहे. सरसकट सगळ्यांना एकच वस्तू दिली तर ती मार्गदर्शनात भर घालत नाही, एवढेच तो सांगतो. कोणाला कोणत्या कामापुरता पट्टा द्यायचा आणि कोणाला पट्ट्याऐवजी जाड मुठीची सुरी किंवा दोन्ही बाजूंनी कानांचे पातेले सुचवायचे, हे त्या पाहणीने विचारलेलेच नाही. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या २०१८च्या शिफारशीत अंगठ्याच्या मुळाच्या संधिवातासाठी पट्ट्यांचा विचार करावा असे अजून म्हटलेले आहे; तज्ज्ञांतच एकमत नसेल तर निवड करायला समोरच्या बाईचा हात आणि तिचे काम याशिवाय दुसरा आधार उरत नाही.

खर्चाची सबबही टिकत नाही. कापांजी या फ्रेंच शल्यविशारदाने १९८६ साली सुचवलेली पद्धत पाहा: अंगठ्याचे टोक त्याच हातावर कुठवर पोचते, तर्जनीच्या मुळापासून करंगळीखालच्या तळहाताच्या रेषेपर्यंत, त्याला शून्य ते दहा गुण. यंत्र नाही, मिलवॉकी नाही, रुग्णाचा हात हीच पट्टी. तालुक्याच्या रुग्णालयातही दोन मिनिटांत होते. तिच्या जोडीला इथल्या पंधरा-वीस कामांची तपासून घेतलेली यादी तयार करणे हे परळ आणि नागपूरच्या शाळांना सहज शक्य आहे. त्यांच्याकडे सत्तर वर्षांचा अनुभव आहे आणि रोज दारात येणारे हात आहेत. ती यादी होईपर्यंत रुग्णानेच पुढाकार घ्यावा: तपासणीला जाताना ‘अंगठा दुखतो’ एवढ्यावर थांबू नये, गेल्या आठवड्यात कोणती कामे सोडून द्यावी लागली किंवा दुसऱ्याकडून करून घ्यावी लागली ती कागदावर लिहून न्यावीत आणि मोजणी त्या कामांपासून सुरू करा असे व्यवसायोपचारकाला सांगावे.